न लागलेलं दही

जगदाळ्यांच्या घरी दही लागेना, आणि त्यावरून घरात चांगलंच बिनसलं. आईच्या मते विरजण जुनं झालं होतं. बाबांच्या मते दूध नीट कोमट केलंच नव्हतं. घरातली उबपेटी (दह्याला हवी तेवढी ऊब धरून ठेवणारी पेटी) बोलणारी होती. ती आपली सारखी, 'माझी ऊब बरोबर आहे,' असं सांगत राहिली, त्यामुळे सगळ्यांनी मिळून तिच्यावरच राग काढला.

सहावीतल्या समिधाला मात्र नुसत्या भांडणात रस नव्हता. तिने दोन वाट्या घेतल्या. एकीत ओतलं हरणीचं दूध. हरणी म्हणजे त्यांची नुकतीच व्यालेली गाय. तिचा चीक संपून आता साधं दूध यायला लागलं होतं. दुसरीत ओतलं तांबूचं, म्हणजे गोठ्यातल्या दुसऱ्या गाईचं. दोन्ही दुधं सारखीच कोमट केली, शेजारून आणलेलं ताजं विरजण दोन्हींत सारखंच घातलं आणि वाट्या उबपेटीत ठेवल्या. सकाळी पाहते तर तांबूच्या दुधाचं दही असं घट्ट, की वाटी उपडी केली तरी हलेना. हरणीचं दूध मात्र जसंच्या तसं.

म्हणजे चूक विरजणाची नाही, पेटीचीही नाही. चूक हरणीच्या दुधात होती. आता एवढं कळल्यावर समिधा थांबते कसली? न लागलेल्या दह्याची वाटी घेऊन ती थेट गावच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली.

तिथे डॉ. अनुराधा पेंढारकर होत्या. सगळं उंबरमाळ गाव त्यांना डॉक्टरबाई म्हणे. बाई तशा तुसड्या. माणसांशी मोजकं बोलायच्या आणि म्हशींशी भरभरून. त्यांच्यामागून टिपूस नावाचा यंत्रमानव फिरे. तो होता मांजराएवढा, पण एका थेंबात काय काय लपलंय ते ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सकाळीच आलेली अंडी तो एकेक करून तपासत होता, त्यातून एखादा रोगजंतू गावच्या ताटात जाऊ नये म्हणून.

समिधाने आपला प्रयोग सांगितला. बाईंनी तो मध्ये न बोलता ऐकला, आणि हे मोठंच कौतुक होतं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "हरणी व्याली कधी?"

या आठवड्यात, असं समिधाने सांगितलं. खरं तर अजून तीन आठवडे अवकाश होता, पण वासरू आधीच आलं. हे ऐकलं आणि बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी वाटीतला एक थेंब टिपूसला दिला. टिपूसच्या छातीत जांभळ्या पाण्याची एक नळी होती आणि त्या पाण्यात निरुपद्रवी जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) पाळलेले होते. दूध स्वच्छ असेल तर ते जिवाणू मजेत वाढतात आणि पाणी पिवळं होतं. दुधात औषध असेल तर ते मरतात आणि पाणी जांभळंच राहतं.

टिपूसने थेंब नळीत सोडला आणि बराच वेळ जाऊ दिला. पाणी जांभळंच राहिलं.

वाट पाहता पाहता बाईंनी समिधाला सगळं उलगडून सांगितलं होतं. हरणी आटली, म्हणजे तिचं दूध बंद झालं, तेव्हा तिला कासदाह (कासेला सूज आणणारा आजार) झाला होता. तिच्या सडांतून बाईंनीच प्रतिजैविक (जिवाणूंना मारणारं औषध) सोडलं होतं. ते कासेत मुद्दाम हळूहळू विरघळतं, म्हणजे गाय भाकड असेपर्यंत तिचं रक्षण होतं. वेळेवर व्याली असती तर तोवर औषध निघून गेलं असतं. ती आधीच व्याली आणि राहिलेलं औषध दुधात उतरलं. आता दही लावतं कोण? विरजणातले जिवाणूच. औषधाला हे चांगले आणि ते वाईट असं कळत नाही. त्याने बिचाऱ्या विरजणाचंही काम तमाम केलं.

समिधाने विचारलं, मग औषध दिलंच कशाला? बाई म्हणाल्या, आजारी कासेचं दूधही खराबच, आणि गाईला किती दुखतं ते तिलाच ठाऊक. औषध द्यायचंच. पण ते अंगातून जाईपर्यंत दूध माणसांपर्यंत पोचू द्यायचं नाही. या थांबण्याला विरामकाळ म्हणतात. तो पाळला नाही तर थोडं थोडं औषध सगळ्यांच्या पोटात जात राहतं. मग रोगजंतूंना त्याची सवय होते आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध चालेनासं होतं.

बाईंनी लगेच बाबांना बोलावून घेतलं. आधी व्याली तर कळवा, असं सांगितलं नव्हतं का, असं त्यांना करड्या आवाजात विचारलं. बाबा गोंधळून गेले. वासराच्या गडबडीत कळवायचं राहिलंच होतं. पण दुधाचं त्यांनी अगदी सांगितल्याबरहुकूम केलं होतं.

"डेअरीला घालू नका म्हणालात, एक थेंब घातला नाही बाई," ते म्हणाले. "पण चीक कुणी विकतं का? तो वाटायचा असतो. साठवलेल्या चिकाचा आज सकाळीच खरवस केला आणि चार घरी डबे धाडले."

 डेअरीतली यंत्रं विकलेल्या दुधाचा थेंब न् थेंब तपासत. प्रेमाने दिलेला डबा तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि खरवस उकडला म्हणून धोका टळला असंही नाही. उकडल्याने जंतू मरतात, पण औषध बहुतेक तसंच राहतं.

बाकीच्यांना एका वडीने फारसं काही व्हायचं नाही, पण ज्याला हे औषध सोसत नाही त्याचं अवघड, असं बाई म्हणाल्या मात्र, समिधा ताडकन उठली. चौथा डबा मुलाण्यांकडे गेला होता. नाझनीनकडे. नाझनीन म्हणजे समिधाची सगळ्यात जवळची मैत्रीण. गेल्या वर्षी घसा दुखतो म्हणून याच जातीचं इंजेक्शन दिलं, तर तिचं अंग सुजलं होतं, श्वास कोंडला होता. इस्पितळाच्या काचेतून पाहिलेला तिचा चेहरा समिधा अजून विसरली नव्हती.

बाईंनी मुलाण्यांना फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद पडला. समिधा कुणाची वाट न बघता पळत सुटली. मागून बाईंची विजेवरची गाडी आली, बाईंनी तिला वाटेत आत घेतलं.

मुलाण्यांच्या ओट्यावर नाझनीन मांडी घालून बसली होती. डबा उघडा होता. वेलदोड्याचा वास सुटला होता आणि एक वडी तिच्या हातात होती. समिधाने ती हातातून अक्षरशः हिसकावली.

"खाल्लीस का? आधी सांग, खाल्लीस का?"

नाझनीन म्हणाली, "अजून कुठं? अम्मीची वाट बघत होते."

समिधा तिथेच ओट्यावर बसून रडू लागली. बाईंनी नाझनीनच्या अम्मीला सगळं समजावलं आणि डबा उचलला. इतर तीन घरचे डबेही टिपूसने परत आणले. हरणीचं दूध पाणी पिवळं होईपर्यंत काढून टाकायचं ठरलं. घरच्यासाठी असो नाहीतर वाटायला, आधी थेंब तपासायचा, हा नियम बाईंनी त्याच दिवशी गावभर सांगितला.

परतताना समिधाने विचारलं, की आज काय टळलं ते गावाला कधी कळणार? बाई हसल्या. जनावरांना लस टोचतो, मांस तपासतो, अंडी तपासतो, आणि त्यामुळे जे आजारी पडत नाहीत त्यांना ते कधीच कळत नाही, असं त्या म्हणाल्या. एवढं मोठं काम इतकं गुपचूप कुणी करत असेल असं समिधाला कधी वाटलंच नव्हतं. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. पुढे सडालाच लावायची एवढीशी तपासणी-चकती टिपूसच्या कंपनीत तयार होतेय, असं बाई सांगत होत्या. पण गाय कधी व्याली हे विचारायला माणूस लागेलच. तो माणूस मी होणार, असं समिधाने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत नाझनीन रुसून दूर बसली. वर्षातून एकदा मिळणारा खरवस, तोही तोंडाशी आलेला काढून घेतला, म्हणून मधल्या सुट्टीतही ती समिधाशी बोलली नाही. उलट लंगडीत मुद्दाम तिलाच बाद केलं आणि मैदानभर ओरडत पळाली. बाद झालेली समिधा मैदानाकडेच्या फळीवर बसली आणि नाझनीनचं ते पळणं सुट्टी संपेपर्यंत आनंदाने बघत राहिली.