बोटांआडचं अंडं

आई, बस अशी जवळ. तू हात धरलास की बरं वाटतं. पण मधे बोलू नकोस, आणि 'पाचव्या महिन्यात असे भास होतात' हे तर मुळीच म्हणू नकोस. नवऱ्याचं तेच म्हणून झालंय. असा संताप आला म्हणून सांगू!

सकाळी नेहमीसारखी कामावर गेले. अंडी उबवायच्या कारखान्यातली आमची ती खोली, भर दुपारीही काळीकुट्ट. खिडक्यांना पुठ्ठे ठोकलेले, कोंदट उबट वास, मशीनची घरघर. टेबलावर दोनच दिवे. एक माझा, समोरचा जाऊबाईंचा. आठवड्याचं अंडं दिव्याला लावायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. नुसता पिवळा उजेड आला तर रिकामं. यात चुकण्यासारखं काय आहे, तूच सांग!

पण तापातून उठून आल्यापासून जाऊबाईंची निम्मी अंडी रिकामी निघत होती. साहेब ओरडायचे दोघींवर. चोर सोडून संन्याशाला फाशी! आज तर बाईंनी अख्खा ट्रे बाजूला काढला. माझं डोकंच फिरलं.

"जाऊबाई, नीट बघा ना जरा!"

"बघतेय गं... नाहीये आत काही."

मी माझ्या ट्रेमधलं एक उचललं, दिव्याला लावून दाखवलं. लाल शिरा, मधे हलणारा टिपका. "हे बघा, याला म्हणतात जिवंत. धरा!"

त्यांनी धरलं. त्यांच्या दिव्यावर शिरा दिसल्या... आणि पुसट होत गेल्या. टिपका थांबला. मग नुसता पिवळा उजेड. मीच दिलं गं ते त्यांच्या हातात. आपल्या रागाला औषध नाही.

मग त्यांची बोटं दिसली. दिव्यावर बोटं धरली की लाल दिसतात, तुझी, माझी, सगळ्यांची. रक्तच असतं ना आत. त्यांच्या बोटांतून उजेड सरळ येत होता, काचेतून यावा तसा. बोटांआडचं अंडं दिसत होतं.

"जाऊबाई... तुमची बोटं..."

"काय झालं गं? पांढरी पडलीस की!" त्या उठून माझ्याकडे आल्या. किती माया करतात माझ्यावर, तुला माहीत आहे. "बाळ हलतंय ना?" म्हणत पोटाकडे हात नेला.

मी मनगट पकडलं. गच्च. त्या बिचाऱ्या जागेवर जाऊन बसल्या.

नंतर मी माझा हात दिव्यावर धरला. तळवा लालबुंद. पण मनगट धरलेली बोटं... त्यांतून समोरच्या जाऊबाई दिसत होत्या.

तेव्हापासून हा उजवा हात पोटाजवळ नेला नाही मी. साडीसुद्धा डाव्या हातानं सारखी करते. नवरा म्हणतो, दिव्यात दोष असेल. म्हणे दिव्यात दोष!

अगं बाई... हललं! आई, आत्ता लाथ मारली बघ...

नाही, थांब. पोटाला हात नको लावूस.

मघापासून तू माझा हाच हात धरून बसलीयेस.

ती बॅटरी घे आधी. लाव. बोटं धर तिच्यावर... लाल दिसताहेत ना गं?

आई, बोल ना.