उंबरपाळचा शेवटचा उजेड

काळ्या तंबूत दोघीच होत्या, आणि दोघींच्या मधे एक पालथा दगड.

बाहेर भर दुपारचं ऊन रटरटत होतं, पण आत फक्त एक मिणमिणता लाल दिवा. शर्वरी घोगरेनं तंबूची चेन पुन्हा चाचपली, शिवणींवरची काळी चिकटपट्टी अंगठ्यानं दाबली आणि मोबाइल बाहेर ठेवलाय ना, असं तिसऱ्यांदा विचारलं.

"ठेवलाय ओ ताई," वैजयंता म्हणाली. "आता काय पायातली जोडवीपण काढू?"

"चमकत असतील तर काढा."

शर्वरी हसली नाही, कारण ती थट्टा नव्हतीच. सुईच्या टोकाएवढा उजेड आत घुसला असता, तरी सगळं संपलं असतं.

शर्वरी होती भटकी निसर्गछायाचित्रकार. पण आजच्या डोंगरदऱ्यांचे फोटो तिच्याकडे कुणी मागतच नसे! तसले फोटो कुठलंही यंत्र बसल्या जागी हवे तेवढे बनवून द्यायचं. लोकांना हवा होता तो गेलेला निसर्ग. तोडलेल्या देवराया, पोखरून टाकलेले डोंगर, आटलेले धबधबे. आणि तो सगळा साठून राहिला होता दगडात.

हो, दगडात! शाळेत आपण खोक्याला सुईनं भोक पाडून सूचिछिद्र कॅमेरा करतो ना? भोकातून उजेड आत शिरतो आणि मागच्या कागदावर समोरच्या झाडाचं उलटं चित्र पडतं. सह्याद्रीचा दगड म्हणजे असे लाखो कॅमेरे एकत्र. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकले, त्यांच्या इवल्या इवल्या पोकळ्या राहिल्या आणि पोकळ्यांच्या आत स्फटिक वाढले. पोकळीला बाहेरून सुईएवढं तोंड असलं, की आतल्या स्फटिकांवर समोरचं दृश्य पडत राहतं आणि ते त्यांच्यात मुरतं. आजचा उजेड कालचं चित्र पुसून नवं काढतो. पण दगड एका झटक्यात पालथा होऊन मातीत गाडला गेला, तर? तर शेवटच्या दिवसाचं चित्र आत तसंच राहतं. मग त्यावर एक ठरावीक हिरवा उजेड टाकायचा, की स्फटिक साठवलेलं सगळं चमकून बाहेर सोडतात. या कामाला म्हणायचं 'उपसा', आणि हाती येतं ते 'शिळाचित्र'.

मात्र उपसा एकदाच होतो. विहीर पुन्हा भरते, दगडातला गेलेला दिवस परत येत नाही.

म्हणून तर शर्वरीच्या गाडीत कपड्यांपेक्षा सामानच जास्त असायचं. रबरी पायांचा जड ट्रायपॉड, काळा तंबू, हिरव्या दिव्याची पेटी, बॅटऱ्या. लेन्सा घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत, कारण घाटातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागली की धंदा बसलाच. मागच्या सीटवर झोपायचं, धाब्यावर जेवायचं आणि गावोगाव ओरडत फिरायचं, "अहो, दगड उलटवू नका! पालथा आहे तो पालथाच राहू द्या!"

वैजयंतानं मात्र आपला दगड आधीच ताडपत्रीखाली झाकून ठेवला होता.

तीन पावसाळ्यांपूर्वी उंबरपाळ वाडीवर दरड आली होती. सकाळीच सगळी वाडी ट्रॅक्टरमधून खाली शाळेत गेली. वैजयंताचे वडील, आबा मोरघे, म्हणाले, "म्हैस सोडतो नि येतो मागनं." संध्याकाळी डोंगर खाली आला. आबा आले नाहीत, सापडलेही नाहीत. आता ढिगारा उपसताना गोठ्यासमोरची उभी शिळा मिळाली होती. तिचं भोकांचं तोंड कायम घराच्या ओट्याकडे असायचं.

"मला एवढंच बघायचंय," वैजयंता म्हणाली. "ओट्याच्या पायरीवर आबांच्या वहाणा हायेत का. नसल्या, तर आबा निघाले होते. वाटेत गाठलं असंल दरडीनं, पण निघाले होते. भावकी म्हणते, म्हातारा हट्टानं बसला. तीन वर्षं ऐकतेय मी."

"वहाणा दिसतील. पण आबा दिसणार नाहीत, हे आत्ताच सांगते."

"का बरं?"

"भोक एवढंसं, उजेड जाणार थेंबथेंब. चित्र मुरायला अख्खा दिवस लागतो. घर हलत नाही, वहाणा हलत नाहीत, म्हणून त्या राहतात. माणूस इथून तिथे गेला, की कुठेच उमटत नाही. भरल्या बाजारातले दगड उपसलेत मी. दुकानं दिसतात, पाट्या दिसतात. माणूस एक नाही."

"म्हंजे नांदतं गाव ओसाड दिसतं म्हणा की."

"ओसाडच. धरा त्या बाजूनं."

दोघींनी पहारीनं दगड उचलला, उलटला, गोधडीवर टेकवला. शर्वरीनं लाल दिवा विझवला. आता स्वतःचा हातही दिसेना. तिनं हिरवा उजेड सोडला. उजेड बाहेर न सोडणाऱ्या कॅमेऱ्याच्या खिडकीला तिनं डोळा लावला, आणि एकेक रेघ भरत चित्र वरून खाली उतरू लागलं.

डोंगराची कड. कौलं. दाराची चौकट.

"दिसतंय का ओ?" वैजयंतानं विचारलं.

"थांबा."

मग ओटा. आणि ओट्यावर एक माणूस.

पुसट नाही, सावली नाही. मुंडाशाची वीण मोजता यावी इतका स्पष्ट! अंगावर घोंगडी, हात गुडघ्यांवर, तोंड थेट दगडाकडे. फक्त डोळ्यांच्या जागी धूसर डाग होते. अख्ख्या दिवसात पापण्या तेवढ्या त्याला थांबवता आल्या नव्हत्या. खाली पायरीवर वहाणा नीट जोडून ठेवलेल्या.

दगड तर आता कोरा झाला होता. हे चित्र जगात एकाच ठिकाणी होतं, तिच्या कॅमेऱ्यात, आणि पुसायचं बटण तिच्या बोटाखाली. एक खोटं, आणि या बाईचे आबा कायमचे वाटेवर राहिले असते.

"दगड मुका निघाला, आत काहीच नाही," ती म्हणाली. "होतं असं कधीकधी."

अंधारात बांगड्या किणकिणल्या.

"ताई, मुक्या दगडाकडं बघून कुणी श्वास धरून ठेवतं व्हय? दावा मला."

शर्वरीनं बोट काढलं आणि बाजूला सरकली. वैजयंतानं डोळा लावला. शर्वरी हुंदक्याची वाट बघत राहिली, आणि ऐकू आलं ते हसू.

"आबाच! दरडीआधीच्या उन्हाळ्यात तुमच्यासारखा एक दगडवाला आला होता वाडीत. आबांनी त्याला ताक पाजलं नि खोदून खोदून विचारलं सगळं, दिवसभर न हलता बसलं तर माणूस उमटंल का, तेपण. मी म्हटलं, म्हाताऱ्याला काय करायच्यात नसत्या चौकशा."

"वैजयंताबाई, ते निघाले असते तर वाचले असते."

"आणि काय, अजून चार वर्षं जगले असते? मग माझ्याजवळ काय राहिलं असतं?" तिनं डोळा काढलाच नाही. "मला मोठा करून द्या हा फोटो. भावकीला दावते. म्हणावं, तुमच्यातला कोण राहिलाय असा?"

दिवाळी उलटल्यावर शर्वरी मोठी प्रत घेऊन उंबरपाळकरांच्या नव्या वसाहतीत गेली. तोवर आबांचं चित्र प्रत्येक मोबाइलवर पोचलं होतं. गाडी बंद केल्यावर तिला कळलं, की वसाहतीत आवाजच नाही. दारं उघडी होती. प्रत्येक दारासमोर एक नवी उभी शिळा, आणि तिच्यासमोर पायरीवर घरची माणसं. हात गुडघ्यांवर, तोंडं दगडाकडे.

"वैजयंताबाई?"

"आत ठेवा चित्र." ओठ जेमतेम हलले. "सांजेला दगड पालथा घालणार हाये. तवर बोलता यायचं न्हाई."

तिच्या शेजारी तिची पाच वर्षांची लेक, ओवी, बसली होती. वेण्या घट्ट बांधलेल्या, नवा फ्रॉक, इवले तळवे गुडघ्यांवर टेकलेले.

शर्वरी तिच्यासमोर उकिडवी बसली. "ओवी, चल, गाडीत माझा कॅमेरा बघायचा का?"

कुठल्याशा परसातून एक लाल चेंडू उतारावरून उड्या मारत आला, ओवीच्या पायाला लागला आणि थांबला.

ओवीनं खाली पाहिलंसुद्धा नाही.