यादीतला अकरावा सिनेमा

कवळी टोचत नसती, तर कात्रीबाई त्या भानगडीत पडल्याच नसत्या. खाली डाव्या बाजूला एक कड हिरडीला लागत होती, घास चावला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून त्या दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा घातला, आणि बाईंना हो म्हणता येईना की नाही म्हणता येईना अशा वेळी विचारलं, "रविवारी दुपारी याल ना बाई? इथेच, दवाखान्यात. आम्ही साहेबांच्या सिनेमांची क्रमवारी लावतोय."

बाईंनी घशातून काहीतरी आवाज काढला. डॉक्टरांनी तो होकार धरला.

साहेब म्हणजे दिग्दर्शक. तीन वर्षांपूर्वी गेले. उभ्या आयुष्यात दहा सिनेमे केले आणि दहाचे दहा या बाईंनी कापले, जोडले, उभे केले. कात्री हे नाव साहेबांनीच ठेवलेलं. ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त सरकारी कागदांवर उरलं. बाई आता बाहत्तर वर्षांच्या होत्या. एकट्या राहत होत्या, आणि बहुतेक माणसांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. त्यातही सिनेमाच्या चाहत्यांबद्दल फारच. ज्यांनी आयुष्यात कधी चार फूट फिल्म हातात धरली नाही, ते लोक कोपरं टेकून 'लय' आणि 'अवकाश' बोलायला लागले की बाईंना मळमळायचं.

तरी त्या गेल्या. घरी एकटीने भिंती बघण्यापेक्षा चार मूर्ख बघावेत, एवढाच हिशोब.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. खिडकीचे पडदे ओढलेले, त्यामुळे भर दुपारी आत एक मळकट पिवळा उजेड. लवंगेच्या तेलाचा आणि स्पिरिटचा वास. भिंतीवर दाढेचं हे एवढं मोठं चित्र, आत किडलेली पोकळी लाल रंगात. त्याच्याखाली चौघे बसले होते: स्वतः डॉक्टर, एक प्राध्यापक, वाचनालयातली ग्रंथपाल आणि एक विमा विकणारा. प्रत्येकाच्या मांडीवर वही. प्राध्यापकांनी तर तीन रंगांची पेनं आणली होती.

"बाई, तुमच्यासमोर बोलायचं म्हणजे धाडसच," प्राध्यापक म्हणाले आणि पुढे पाऊण तास तेच बोलले.

वाद जुंपला. आंधळ्या न्यायाधीशाचा सिनेमा चौथा की पाचवा? रेल्वे फाटकाचा सिनेमा शेवटून दुसरा ठेवला म्हणून विमावाला इतका दुखावला की त्याने चष्मा काढून पुसला. ग्रंथपाल म्हणाली, त्यातली सात सेकंदांची शांतता तिला दर वेळी रडवते. बाईंना ती शांतता आठवत होती. त्या दिवशी ध्वनिमुद्रणाचं यंत्र बिघडलं होतं, बस. त्या जिभेने कवळी हलवत बसल्या.

"झालं तर मग," डॉक्टर म्हणाले. "बाकीच्यांवर आपलं जमणार नाही. पण पहिल्या क्रमांकावर चौघांचं एकमत आहे."

"कुठला?" बाईंनी जांभई दाबत विचारलं.

"निचरा."

बाईंची जीभ जागच्या जागी थांबली.

"साहेबांनी दहाच सिनेमे केले," त्या म्हणाल्या.

"अकरा ना बाई," ग्रंथपाल समजुतीच्या सुरात म्हणाली, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशी. तिने वही पुढे केली. अकरा आकडे, अकरा नावं. पहिल्या ओळीवर लाल पेनाने: निचरा.

हे नाव साहेबांनी कधी कुठे छापू दिलं नव्हतं. सिनेमा झालाच नव्हता. तीन दिवस चित्रीकरण चाललं आणि बंद पडलं, त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. ते नाव तिघांनाच माहीत होतं: साहेब, त्यांचा कॅमेरामन आणि बाई. कॅमेरामनला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे नाव?"

"सांगायचं काय त्यात? पाहिलाय आम्ही," विमावाला म्हणाला. "मी मावशीकडे पाहिला. लहान होतो."

"मी शाळेच्या सभागृहात," ग्रंथपाल म्हणाली.

"माझी तर पारायणं झालीत," प्राध्यापक म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. "तो चार मिनिटांचा शॉट! पाण्याची टाकी, पुढून काच. आत ती मुलगी. पहिल्यांदा पंजा वर करते. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा करते ना… बघा, आत्ता सांगतानाही काटा येतो. काय अभिनय आहे! जगात तोड नाही."

बाईंना खोलीतला वास बदलल्यासारखा वाटला. लवंग गेली. मागे ओल्या सिमेंटचा वास राहिला.

"आणि काचेतलं ते प्रतिबिंब," डॉक्टर हळूच म्हणाले. "काळोखात खुर्चीवर बसलेला माणूस. हाताशी घंटा. आणि तो वाजवत नाही…"

"तो म्हणजे ईश्वर," प्राध्यापक म्हणाले. "मी यावर निबंध लिहिलाय. मौन धारण केलेला ईश्वर."

तो ईश्वर नव्हता. ते साहेब होते. ती मुलगी नटीही नव्हती. पोहायला शिकवायची ती. नायिकेच्या जागी पाण्यात उतरायला आणली होती. ठरलं असं होतं, की तिने पंजा वर केला की साहेबांनी घंटा वाजवायची, आणि मग बाहेरची माणसं येऊन दोर ओढणार. दार बंद होतं, आत साहेब आणि कॅमेरामन दोघेच. साहेबांना शॉट आवडला. त्यांनी घंटा वाजवली नाही. नंतर सगळ्यांना सांगितलं, की पोरगी कुणाला न विचारता एकटीच सरावाला उतरली, कॅमेरा चालू नव्हता. कॅमेरामन मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी ते रीळ धुऊन बाईंच्या टेबलावर आलं. बाईंनी ते एकदा पाहिलं. साहेब दारात उभे होते. म्हणाले, "कात्री, हे नाहीसं कर."

आणि बाईंनी केलं.

"शेवट मात्र मला कमी वाटतो," विमावाला म्हणाला. "कॅमेरा टाकीवरून वळतो आणि एका खोलीत शिरतो. ती बाई पाठमोरी बसलेली."

"कुठली बाई?" कात्रीबाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"फिल्मचे तुकडे करते ती. अंगठ्याएवढे. एकेक तुकडा शेगडीत टाकते. मधेच तिला भाजतं, मग डावा अंगठा तोंडात धरून बसते बराच वेळ…"

"जरा लांबलंय ते," ग्रंथपालने मान डोलावली.

"संकलन ढिलं पडलंय तिथे, रागावू नका बाई," प्राध्यापक म्हणाले. "आणि मग ती बाई वळून बघते. तेव्हा तुम्ही किती तरुण होता! त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं. विचारायचं होतं, त्या वळून बघण्याचा अर्थ काय?"

चार चेहरे बाईंकडे लागले होते. उत्सुक, गुळगुळीत, बिनपापाचे. कुणी थट्टा करत नव्हतं. त्या रात्री खोलीला आतून कडी होती आणि बाई एकट्या होत्या, हे कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. अंगठ्याचं तर त्यांनी साहेबांनाही सांगितलं नव्हतं. आणि हो, त्या वळल्या होत्या. मागे कोणीतरी पाण्यातून वर येऊन श्वास घ्यावा तसा आवाज झाला होता, म्हणून.

"तो अभिनय नव्हता," बाई म्हणाल्या.

"तेच तर आम्ही म्हणतो! अभिनय वाटतच नाही."

"अरे मूर्खांनो, मेली ती! वर काढा म्हणून हात करत होती. आणि तो तुमचा ईश्वर खुर्चीत बसून बघत होता. ते रीळ मी जाळलं. माझ्या या हातांनी. तुम्ही पाहूच शकत नाही ते. कोणीच पाहू शकत नाही!"

कुठेतरी नळ ठिबकत होता. बाईंना वाटलं, आता कोणीतरी उठेल, कोणाचा तरी चेहरा पांढरा पडेल, निदान ती ग्रंथपाल तरी तोंडावर हात ठेवेल.

प्राध्यापकांनी हिरवं पेन उघडलं.

"हे लिहून घेतलं तर चालेल ना बाई?" त्यांनी अदबीने विचारलं. "म्हणजे त्या शॉटला एक वेगळीच उंची येते."

"मग पहिला नंबर पक्काच," डॉक्टर म्हणाले.

बाई उठल्या. खुर्ची मागे कलंडली, ती कोणी उचलली नाही. सगळे लिहीत होते. जिना उतरताना त्यांना एवढा संताप आला होता की भीतीला जागाच नव्हती. या लोकांना मेलेल्या पोरीचा हात म्हणजे एक कलाकृती. क्रमांक द्यायचा, चहा प्यायचा, घरी जायचं. थुंकावंसं वाटत होतं त्यांना. कोपऱ्यावर त्या खांबाला धरून थांबल्या, आणि तिथे, उन्हात, त्यांच्या ध्यानात आलं की या चौघांनी निदान बघून कौतुक तरी केलं. आपण बघितलं आणि शेगडी पेटवली. ज्या एका तुकड्यात साहेबांचा चेहरा काचेत दिसत होता, तोही जाळला. मग पस्तीसेक वर्षं त्या माणसाचे सिनेमे कापत राहिलो आणि बक्षीस समारंभात पहिल्या रांगेत बसलो.

त्या घरी गेल्या नाहीत.

त्या मुलीचं घर त्यांना ठाऊक होतं. अपघातानंतर साहेबांबरोबर त्या तिथे भेटायला गेल्या होत्या. धाकट्या बहिणीने दार उघडलं होतं, बारा वर्षांची, दोन वेण्या. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. आईवडील केव्हाच गेले. बहीण मात्र त्याच घरात राहते, पुस्तकांची मुद्रितं तपासते, हे बाईंच्या कानावर होतं. एवढी वर्षं त्या रस्त्याने जायचं त्यांनी टाळलं होतं.

पोचल्या तेव्हा दिवेलागण होत होती. छोटं बैठं घर, पुढे लोखंडी फाटक. बहिणीने दार उघडलं. केस पिकलेले, कानामागे लाल पेन्सिल. बाईंनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "या. आत या."

टेबलावर मुद्रितांचे गठ्ठे होते. बहिणीने एका खुर्चीवरचे कागद उचलून जागा केली. बाईंनी बसल्याबसल्या सगळं सांगून टाकलं, रडल्या नाहीत, स्वतःची बाजू मांडली नाही. घंटा, काच, रीळ, शेगडी. बहीण ऐकत होती, अधूनमधून पेन्सिल कागदावर टेकवत, एखादी चूक सापडल्यासारखी.

"म्हणजे तिने हात केला होता," शेवटी ती म्हणाली. "आई मरेपर्यंत तिला दोष देत होती. न विचारता उतरली म्हणून."

"मी लेखी देते," बाई म्हणाल्या. "कुठे सांगशील तिथे सही करते. तेव्हाच यायला हवं होतं गं मी."

"हो. यायला हवं होतं." त्या आवाजात राग नव्हता. राग बरा वाटला असता. किडकं फळ हातात घेऊन बाजूला ठेवावं, तसं बहिणीने बाईंकडे पाहिलं. "पण तुमचं पटतंय. कॅमेरामन हेच सांगून गेले."

बाईंना बरं वाटलं. म्हणजे त्या बिचाऱ्याने मरण्याआधी मन मोकळं केलं होतं तर.

"कधी आले होते ते?"

"परवा. तुम्ही बसलाय तिथेच बसले होते. खुर्ची अजून वाळली नाही नीट, म्हणून त्यावर कागद ठेवले होते."

बाई ताडकन उठल्या. साडी मागून ओली लागत होती.

"परवा…? अगं, त्यांना जाऊन तर…"

"ते मी विचारलं नाही," बहीण म्हणाली. "खरं बोलायला आलेल्या माणसाला मी आत घेते."

बाहेर फाटकाची कडी वाजली. कोणीतरी ती उचलली, थोडा वेळ धरून ठेवली, आणि अलगद खाली सोडली. मग पुन्हा उचलली. पडद्याच्या फटीतून बाईंना फाटक दिसत होतं, रस्त्यावरचा दिवा दिसत होता. फाटकापाशी कोणी नव्हतं. कडी मात्र वर जात होती आणि खाली येत होती, फार अदबीने, घाबरत घाबरत.

बहिणीने तिकडे मानही वळवली नाही. पुढचा कागद ओढून त्यावर पेन्सिल टेकवली.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "तुमचा साहेब रोज याच वेळेला येतो. मी 'या' म्हटल्याशिवाय आत येता येत नाही त्याला. आणि मी म्हणत नाही."

कडी थांबली. त्यांचं बोलणं कोणीतरी ऐकत असावं तशी थांबली.

"तुम्ही मागच्या दाराने जा," बहीण म्हणाली. "आणि घरी पोचलात की कोणी कडी वाजवली तर 'कोण आहे' म्हणून विचारू नका. पण तुमच्याकडे त्याला 'या' म्हणावंच लागत नसेल ना… पूर्वीपासून?"