चाळीसच्या मागे

माझ्या आधी माझी गाडी त्याच्या मागे लागली, हे मी आधीच सांगून टाकते.

कोठारीच्या अलीकडचा सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना साग, वरून रिपरिप, पुढे फक्त एक पांढरा पिकअप. मी मजेत सत्तरनं चालले होते आणि गाडीनं एकदम ‘टुंग’ केलं. आपणहून वेग उतरवायला लागली... साठ, पन्नास, चाळीस. मागच्या ट्रकवाल्यानं असा हॉर्न दिला की झाडावरची माकडं पळाली. गाडीच्या पडद्यावर लाल गोल आणि आत ४०. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पाटी कुठेच नव्हती!

गाडी नवी, विजेवर चालणारी. समोरच्या कॅमेऱ्यानं रस्त्याकडेच्या पाट्या वाचायच्या आणि त्याप्रमाणे वेग सांभाळायचा, ही तिची हुशारी. बाबांनी अट घातली होती, “जंगलाचा रस्ता आहे संघप्रिया, ते बटन बंद करायचं नाही.” भद्रावतीच्या फॅक्टरीत आयुष्यभर ‘आधी सुरक्षा’ वाचत निवृत्त झालेला माणूस, दुसरं काय सांगणार! आता तेही दादाकडे पुण्याला गेले होते. चंद्रपुरात भाड्याच्या दोन खोल्या, गोंडपिपरीच्या सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टर, आणि मधला हा रस्ता. एवढंच माझं जग.

तर त्या दिवशी मी चाळीसनं रखडत, दात-ओठ खात कोठारीपर्यंत आले. पिकअप नीलाबाईच्या चहाच्या टपरीपुढे थांबला आणि मग मला दिसलं. त्याच्या मागच्या फळीवर गोल स्टिकर होतं. लाल काठ, आत ठळक ४०. माझ्या हुशार गाडीनं तीच रस्त्यावरची पाटी समजली होती.

मी तरातरा उतरले. पिकअपवाला चहा ओतून घेत होता. सावळा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, केसांत पावसाचे थेंब.

“हे स्टिकर तुमचं?”

“गाडीचं हाय,” तो म्हणाला. “काऊन?”

“त्याच्यामुळे माझी गाडी चाळीसच्या वर जात नाही!”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या गाडीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. “म्हंजे गाडी तुमची... अन् आयकते माहं?”

नीलाबाई हसली. मला हसायचं नव्हतं, मी रागावले होते. पण ओठांच्या कोपऱ्यानं दगा दिला.

“तुम्ही तरी जरा जोरात चालवा.”

“नाई जमत मॅडम. मांगं लेकरं हायेत.”

त्यानं ताडपत्री उचलून दाखवली. हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि त्यांच्या पाण्यात बोटाएवढी माशांची शेकडो पिल्लं. बोटुकली म्हणतात त्यांना. पावसाळ्यात तलावांमध्ये सोडायला नेतात. गाडी आदळली की मरतात. तो लोमेश. त्याच्या गावच्या मच्छीमार संस्थेनं तिथला मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, ठेक्यानं घेतला होता, आजूबाजूच्या तलावांनाही माशांचं बी पुरवायचं काम त्याच्याकडे होतं.

“तुमी काय करता?”

“दात काढते.”

“दिसते,” तो म्हणाला आणि चहाचा दुसरा कप माझ्यापुढे सरकवला.

दवाखान्यात पोचल्या पोचल्या मी गाडीच्या कंपनीला खरमरीत तक्रार पाठवली. राग माझ्या नाकावरच असतो.

त्यानंतर एक दिवसाआड तो पुढे, मी मागे. ओव्हरटेक करता आलं नसतं असं नाही. पहिल्या दिवशी समोरून ट्रक येत होते, पण पुढे कितीतरी सकाळी रस्ता रिकामा असायचा. मी पुढे गेले असते तर स्टिकर नजरेआड झालं असतं आणि गाडी सुटली असती. पण... नाही गेले. त्याच्या आरशात दोन डोळे दिसायचे. मी बघितलं की ते रस्त्याकडे वळायचे. मी खिडकीबाहेर बघितलं की पुन्हा आरशात यायचे. चाळीसच्या वेगात माणसाला बरंच काही दिसतं. पळसाच्या पानांवरून गळणारं पाणी, बांधावरचा खंड्या, पिकअपच्या खिडकीतून बाहेर आलेला, पाऊस झेलणारा एक हात.

खरं सांगते, दिवसभर लोक माझ्यापुढे तोंड उघडून बसतात, पण बोलत कुणीच नाही. घरी येऊन गाडी बंद करताना ती ‘शुभ संध्याकाळ’ म्हणायची. तेवढीच काय ती विचारपूस. मी तिला ‘शुभ संध्याकाळ’ म्हणून उत्तरही द्यायला लागले होते. हे कुणाला सांगू नका.

आणि लोमेश बोलायचा. टपरीवर चहा होईपर्यंत, मग चहा संपेपर्यंत, मग उगाच.

“आज तुमची गाडी खर्र्याच्या टपरीपुढं काऊन दबली, मॅडम? मी आरशात पाह्यलं.”

मला लाज वाटली. त्या टपरीवाल्यानं गोल लाल पाटीत खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीचा, भाव लिहिला होता, २०. गाडी तिथे दर वेळी वीसवर यायची.

“मी दिवसभर लोकांना खर्रा सोडा म्हणून सांगते, आणि माझीच गाडी त्याच्यापुढे मान खाली घालते.”

तो इतका हसला की चहा सांडला. मग हळूच खिशातली पुडी काढून नीलाबाईच्या चुलीत टाकली. “हे घ्या. तुमी म्हणून.”

“माझ्यासाठी नको, दातांसाठी सोडा.”

“दातांसाठी तं आयुष्यात सोडला नसता,” तो म्हणाला, आणि मला एकदम चहा गोड लागला.

पण तो ‘मॅडम’ म्हणायचा, आणि मी ‘तुम्ही’च्या अलीकडे कधी आले नाही. तो जिथे थांबायचा तिथे मीही थांबायचे. दोघांच्या मध्ये कायम तेच ठरलेलं अंतर.

ऑगस्टच्या शेवटाला गाडीच्या पडद्यावर निरोप आला. माझ्या तक्रारीचं फळ! नवीन सॉफ्टवेअर अपडेट तयार आहे. यापुढे गाडी वाहनांवरची स्टिकरं आणि दुकानांच्या पाट्या वेगमर्यादा समजणार नाही. खाली दोन चौकोन, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’.

मी ‘नंतर’ दाबलं. दुसऱ्या दिवशीही ‘नंतर’. तिसऱ्या दिवशीही. शिकलीसवरलेली बाई बिघडलेली गाडी जपत होती, कारण ती दुरुस्त झाली तर कुणाच्या मागे राहायचं निमित्त उरणार नव्हतं. मी त्याच्या प्रेमात पडले होते. त्या चौकोनावर बोट ठेवताना मला ते लख्ख कळलं.

आणि मग एका सकाळी गाडी चाळीसवर आलीच नाही. पिकअप पुढे होता, लोमेशच होता, पण मागची फळी कोरी होती. जिथे स्टिकर होतं तिथे खरवडल्याचा पांढरा डाग.

टपरीवर तो चहा घेत नव्हता. नुसता उभा होता.

“काढून टाकलं, मॅडम. दोन महिने झाले, तुमाले तरास होऊन राह्यला होता.” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “आता तुमचा रस्ता मोकळा.”

काय म्हणणार होते मी? त्रास नव्हता हो... असं? टपरीवर चार माणसं होती. राग नेहमीच्या जागी, नाकावर, येऊन बसला.

“बरं झालं,” मी म्हणाले. “रोज उशीर होत होता.”

आणि मी गेले. त्याला मागे टाकून गेले. आरशात पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी घरासमोर गाडी लावून ‘आत्ता’ दाबलं. अपडेट होईपर्यंत गाडी हलवता येत नाही, आणि मला वर रिकाम्या खोलीत जायचं नव्हतं. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकताना बघत बसले. शेवटी अक्षरं उमटली, ‘तुमची गाडी आता अधिक हुशार झाली आहे.’ मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मनसोक्त रडले.

मग गाडी पळायला लागली. खर्र्याच्या टपरीपुढून ताठ मानेनं जायची. मी दवाखान्यात इतक्या लवकर पोचायचे की कुलूपही उघडलेलं नसायचं. पायरीवर बसून मी स्वतःलाच विचारायचे, लवकर येऊन काय मिळवलंस गं? पिकअप रस्त्यावर दिसेनासा झाला. टपरीवर मी थांबत नव्हते. सप्टेंबर निम्मा गेला.

एका दुपारी दाढ धरून नीलाबाईच माझ्या खुर्चीत येऊन बसली. मी आरसा तिच्या तोंडात घातला, तर तिनं माझं मनगट धरून तो बाहेर काढला.

“दाढ मंग पाहा. पयले आयका. तो लोमेश आता तांबडं फुटाच्या आंधीच जाते. तुमी दिसू नये म्हणून जाते.”

“मी काय केलं त्याचं?”

“स्टिकर काढलं त्या दिवशी तुमी गेल्यावर तो लय वेळ बसून होता. चहा थंडा झाला, दुसरा देल्ला, तो बी थंडा झाला.” तिनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “तुमी डॉक्टर लोक मानसाचे दात पाहाता बाई, तोंड नाई पाहात. परवा त्याची शेवटची खेप हाय, गावच्या तलावात. मंग तो या रस्त्यानं येनार नाई, पुढच्या पावसाळ्यालोक.”

तिची दाढ मी भरली.

दोन दिवसांनी मी रजा टाकली. गोंडपिपरीच्या अलीकडे लोमेशच्या गावाला डावीकडे वळणारा रस्ता अरुंद, शेतांमधून जाणारा. पाटी नाही, फलक नाही. गाडीच्या पडद्यावर वेगाच्या जागी नुसती आडवी रेघ आली. किती जोरात जायचं, माझं मलाच ठरवायचं होतं. मी पुन्हा चाळीसनंच चालले होते, भीतीनं.

तलाव भरलेला. लोमेश मांडीभर पाण्यात उभा, भोवती फुगलेल्या पिशव्या तरंगत होत्या. पलीकडच्या काठाला त्याचे दोन सोबती जाळं आवरत होते. मला पाहून तो जागीच थांबला.

“मॅडम... तुमी? इथी?”

मी चपला काढल्या, सलवार दुमडली आणि सरळ पाण्यात उतरले. चिखलात पाय रुतला, त्यानं हात पुढे केला. मी धरला. पहिल्यांदाच.

“पिशव्या सोडत का नाही?”

“लगेच नाई सोडाच्या. पिशवीतलं पानी अन् तलावातलं पानी एकसारखं हो द्या लागते. घाई केली तं मरते बिचारे.”

“मग तोवर ऐका,” मी म्हणाले. आता थांबले असते तर जन्मभर थांबले असते. “मला मोकळा रस्ता नको होता. मी पहिल्या आठवड्यातच पुढे जाऊ शकत होते. गाडी दुरुस्त होत होती, तीही मीच होऊ दिली नाही. मला तुमच्या मागेच राहायचं होतं. त्या दिवशी तुम्ही मला घालवून दिलंत असं वाटलं, आणि मी... फार एकटी आहे हो. पण एकटी आहे म्हणून नाही आले. तुम्ही आवडता म्हणून आले.”

त्यानं हात सोडला नाही.

“मी तुमच्या तरासासाठी नोहतं काढलं ते,” तो म्हणाला. “खोटं बोल्लो. तुमी मशीनमुळं मांगं राहाता का आपल्या मनानं, हेच समजत नोहतं. रातदिवस तेच डोक्यात. म्हटलं, काढून पाहू. थांबल्या तं...”

“आणि मी गेले.”

“अशा गेल्या! तुमच्या गाडीले ना धूर, ना आवाज. मानूस गेलं, हे बी समजत नाई.”

मी हसले आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. त्यानं ओल्या हातानं माझ्या गालावरचं पाणी पुसायचा प्रयत्न केला, आणि गाल आणखी ओला केला.

“पन तुमी डॉक्टर. मी मच्छीवाला. तुमचं लगन विहारात, आमचं मांडवात. तुमचे बाबा काय म्हनतीन?”

“बाबांना मी सांगेन. चिडतील, मग ऐकतील. तुमच्याकडे कोण सांगणार?”

तो काही बोलणार, तेवढ्यात बांधावरून हाक आली. डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई उभी होती. त्याची आई, कुंताबाई. सगळ्यांचं जेवण घेऊन आली होती. मी पटकन हात काढून घेतला. लोमेश लाजून पिशव्यांची तोंडं सोडायला लागला. पिल्लं एकेक करून बाहेर आली आणि पाण्यात दिसेनाशी झाली.

आम्ही काठावर आलो. मी चिखलानं भरलेली, केस विस्कटलेले. कुंताबाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी म्हणणार होते, दवाखान्यातली डॉक्टर आहे, सहज आले होते. तिनं मला बोलूच दिलं नाही.

“संघप्रिया नं तू?”

मी लोमेशकडे पाहिलं. तो तलावाकडे बघत होता.

“सारा पावसाळा आयकून राह्यली मी,” ती टोपलं उतरवत म्हणाली. “आज ती हसली, आज ती रागावली, आज तिनं मले खर्रा सोडाले लावला. जेवाले बसला का तुहंच नाव. अन् मंग एकदम बोलनंच बंद केलं यानं. मले वाटलं, आता काही तू दिसत नाईस.”

मी कधी न पाहिलेल्या एका घरात, रोज जेवताना, कुणीतरी माझं नाव घेत होतं. त्याच वेळी मी चंद्रपुरात एकटीपुरता कुकर लावत होते, आणि मला वाटत होतं की या जगात माझी आठवण काढणारं कुणी नाही.

“मासोळी चालते का बाई तुले? आमच्या हातचं?”

“चालते,” मी म्हणाले.

तिनं पळसाच्या पानावर भात वाढला, वर रस्सा ओतला. लोमेश माझ्या शेजारी येऊन बसला, जरा अंतर ठेवून. मग तेही अंतर त्यानं हळूच मोडलं. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“तिखट झालं का वं?” कुंताबाई घाबरली.

“हो,” मी म्हणाले, आणि आणखी रस्सा मागितला.