काचेच्या कपाटातलं व्हायोलिन

"खोटं! साफ खोटं!" चिंगीनं टेबलावर मूठ आपटली, तशा लाकूड चिकटवायच्या सरसाच्या वाट्या थरथरल्या.

"हळू गं," मावशी म्हणाली.

मावशी या छोट्या दुकानात जुनी वाद्यं दुरुस्त करायची. संगीत सभागृहातलं खूप जुनं व्हायोलिन तिनं महिनोन्महिने खपून पुन्हा वाजतं केलं होतं. ते सभागृहात काचेच्या कपाटात दिमाखात उभं होतं. आणि आज व्यवस्थापकांनी चारचौघांत तिला सुनावलं होतं, "तुमचा जोड कच्चा! व्हायोलिन तडकलं!" वर तिला हातही लावू दिला नव्हता.

"आता ते पलीकडच्या गल्लीतल्या दाढीवाल्यांना बोलावणार आहेत," मावशीचा मुलगा ढब्बू म्हणाला.

"त्यांनीच कान भरले असतील!" चिंगी भडकली. दाढीवाल्यांचाही हाच धंदा, आणि मावशीशी त्यांचं बोलणं कधीच बंद झालं होतं. "चला सभागृहात! सुट्टी काय झोपा काढायला आहे?"

वाटेत ढब्बूचा मित्र चष्मिसही सामील झाला.

कपाट रिकामं होतं. दारही उघडंच! चिंगीनं आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. "आई गं! तवा आहे का हा?"

वर भलामोठा दिवा जळत होता. चष्मिसनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "कपाटाच्या उद्घाटनाच्या वेळी तर इवलासा दिवा होता!"

"काय चाललंय?" मागून व्यवस्थापक गरजले.

चिंगी तोंड उघडणार, तोच चष्मिसनं तिला चिमटा काढला. "काका, दिवा काय झकास आहे! नवा का?"

"मग! मीच निवडला," व्यवस्थापक फुलून गेले. "आधीच्या मिणमिणत्या दिव्यात दिसायचं काय? हा बघ, बंद म्हणून करत नाही!" तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, म्हणून ते कार्यालयात गेले.

"ढब्बू, चॉकलेट काढ," चिंगी म्हणाली.

"माझं? का?"

"काढ म्हणते ना!"

चॉकलेट कपाटात ठेवून तिघं कार्यालयाच्या दाराशी गेली. आत दाढीवाले व्हायोलिनवर वाकले होते.

"आधीचं काम वाईट होतं, एवढंच सांगा," व्यवस्थापक म्हणत होते. "मग इथली सगळी वाद्यं तुमच्याकडे!"

चिंगीच्या मुठी वळल्या.

"वाईट?" दाढीवाल्यांनी मान वर केली. "त्या बाईंचा जोड जसाच्या तसा आहे. इतका सुबक मलाही जमला नसता! लाकूड दुसरीकडेच फाटलंय, सुकून. कुठं ठेवलं होतं हे? भट्टीत?"

"छे! कपाटात. थंडगार असतं ते!"

ढब्बू धावत गेला आणि धावत आला. त्याच्या बोटांतून चॉकलेटचे ओघळ चालले होते. "थंडगार? मग हे बघा! आणि दिवा कधी बंदच करत नाही, हे तुम्हीच सांगितलंत! सकाळी चारचौघांत आईला उगाच बोललात!"

"पोरांचं काय ऐकता हो?" व्यवस्थापक चाचरले. "आपण दोघं आपसात मिटवू ना..."

"माझी जीभ भाड्यानं मिळत नाही!" दाढीवाले कडाडले. "दुसऱ्याच्या चांगल्या कामाला वाईट म्हणू? बोलवा त्या बाईंना. आणि सकाळी हजर असलेल्या सगळ्यांनाही!"

सगळे जमले. मान खाली घालून व्यवस्थापक पुटपुटले, "चूक माझी होती."

"मोठ्यानं!" मावशी म्हणाली. तिचे डोळे पेटले होते. "सकाळी आवाज चांगला चढला होता."

ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. चिंगीचा राग तरी उतरेना.

दाढीवाल्यांनी व्हायोलिन अलगद मावशीच्या हातात दिलं. "तुमचं काम तुम्हीच पुरं करा. माझ्याकडं तसंच जुनं लाकूड आहे. देऊ?"

मावशीनं तडकलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "नुसतं लाकूड नको. तुम्हीही या."

"काका," चिंगी ओशाळून म्हणाली, "मी तुम्हाला फार वाईट समजत होते."

"समजत होतीस ना? पण थांबून खरं काय ते बघितलंस," ते हसले. "बाई, या तिन्ही पोरांची नजर मोठी पक्की आहे! कारागिराला असेच डोळे लागतात."

"उद्यापासून तिघांनी दुकानात काम शिकायला यायचं," मावशी म्हणाली. "पण ढब्बू, आधी हात धू!"