फिल्टर परत फिकट झालाय

पहिला फोन खरं तर मास्तरांसाठी नव्हताच. छापखान्याचे मालक बाहेर गेले होते, मशीनवाल्याचे हात शाईने भरलेले होते, म्हणून कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मास्तरांनी तो उचलला.

"तुमचे फोटो बिघडलेत," पलीकडून बाईचा आवाज आला. ना नमस्कार, ना चमत्कार.

"कोण बोलतंय?"

"स्टुडिओतून. त्या शाळेच्या पन्नास वर्षांच्या पुस्तकासाठी जुने फोटो स्कॅन करून पाठवलेत ना तुम्ही, साफ करायला? माझा डाग काढायचा फिल्टर फिकट झालाय. नाव दिसतं, पण दाबलं जात नाही. कालपर्यंत बरा चालत होता. दोनदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आता फक्त रडायची बाकी आहे मी."

कुणी काही विचारलं की ते दोनदा समजावून सांगत, म्हणून छापखान्यात त्यांना मास्तर म्हणायचे. वय बेचाळीस. बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

"रडू नका. फोटो छपाईच्या रंगांत आलेत. पडद्याला तीन रंग लागतात, छपाईला चार. चार रंगांतल्या फोटोवर तुमचा तो फिल्टर चालत नाही. वर 'इमेज' दिसतंय?"

"दिसतंय."

"त्यात 'मोड'. त्यात 'आरजीबी', म्हणजे तीन रंग. दाबा."

टिक असा आवाज आला.

"अगंबाई… जागा झाला की!" आणि मग ती जरा थांबून म्हणाली, "तुमचा आवाज फार दमलेला वाटतो हो. जेवलात का?"

चार वर्षांत मास्तरांना हे कुणी विचारलं नव्हतं. घरी आई होती, पण तिला हाच प्रश्न मास्तर विचारत, आणि तिला ऐकू जाईपर्यंत तीनदा विचारत.

"जेवतो आता," ते म्हणाले. खरंच जेवले.

तीन दिवसांनी फोटोंचा दुसरा गठ्ठा गेला. तासाभरात फोन. "फिल्टर परत फिकट झालाय." मास्तरांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या गठ्ठ्यालाही तेच. चौथ्या वेळी फोन वाजला तेव्हा मशीनवाला तिथूनच ओरडला, "मास्तर, शिकवणी आली!"

शिकवणी लांबत गेली. ती भावाकडे राहत होती. भाचरांचा अभ्यास, वहिनीची पाठदुखी, आणि दिवसभर ही डोळे फोडत बसलेली. "लोकांचे डाग पुसते मी," ती म्हणायची, "आणि घरी जाऊन भांडी पुसते." एकदा तिने विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आई."

"आणखी?"

"होती…"

लोक अशा वेळी 'अरेरे' म्हणतात आणि फोन ठेवतात. तिने फोन ठेवला नाही. बराच वेळ दोन्हीकडून नुसते कॉम्प्युटरचे पंखे ऐकू येत राहिले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. स्कॅन करताना एक बटण दाबलं असतं, तर फोटो तीन रंगांतच गेले असते. पहिल्या वेळी मास्तर विसरले. दुसऱ्या वेळी बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. त्यानंतर ते तिकडे फिरकलंच नाही.

शेवटचे अकरा फोटो जायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मनगट सुजलंय माझं. एकेका फोटोचे रंग बदलत बसायचं म्हणजे…" तिने वाक्य पुरं केलं नाही. मास्तरांना रात्री जेवण गेलं नाही. आपल्याला चार शब्द ऐकायला मिळावेत म्हणून त्या दमलेल्या बाईला किती राबवायचं?

सकाळी त्यांनी बटण दाबलं. अकराही फोटो तीन रंगांत पाठवले. आता फिल्टर फिकट होणार नव्हता. फोनही येणार नव्हता. पुस्तक संपलं होतं आणि त्यासोबत बाकीचंही. मास्तर कॉम्प्युटरसमोर नुसते बसून राहिले.

साडेअकराला फोन वाजला.

"मास्तर… फिल्टर परत फिकट झालाय."

मास्तरांनी पाठवलेले फोटो उघडून पाहिले. एक, दोन, तीन… अकराही आरजीबी. त्यांच्या हातातला फोन एकदम हलका झाला.

"मी येऊन बघतो," ते म्हणाले.

"यायचं कशाला? फोनवरच सांगा ना…"

"नाही. आज बघितल्याशिवाय नाही कळायचं."

ते उठले तसा मशीनवाला म्हणाला, "मास्तर, कोपराला निळी शाई लागलीय."

"दुसरा शर्ट नाही इथे."

"मग हात मागे बांधून जा, पुढाऱ्यासारखे."

स्टुडिओ दोन गल्ल्या सोडून, अरुंद जिन्याने वर होता. काळ्या पडद्यामागे ती बसली होती. चष्मा केसांत खोवलेला, केसांत थोडी चांदी, मनगटाला पट्टी. समोर एका वर्गाचा फोटो, अर्धा साफ झालेला. फिल्टर ठणठणीत चालू. आणि कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेली एक चिठ्ठी… 'इमेज, मोड, आरजीबी'. खाली पहिल्या फोनची तारीख.

तिने चिठ्ठीवर हात ठेवला, पण उशिरा.

"चालतोय की," मास्तर म्हणाले.

"आत्ताच सुरू झाला. तुमच्या पायगुणाने."

"आजचे फोटो मी तीन रंगांतच पाठवले होते."

तिचा चेहरा लाल झाला. मग भुवया वर गेल्या. "म्हणजे… पाठवता येत होते?"

"हो."

"सगळे?"

"…हो."

"दोनशे बारा फोटो मी हाताने बदलले! हे मनगट बघा!" ती चिडली आणि चिडता चिडताच हसायला लागली.

"पहिले चुकून गेले. शपथ."

"आणि बाकीचे?"

मास्तरांनी कोपर पाठीमागे लपवलं. "बाकीचे… तुम्ही 'जेवलात का?' असं विचारलं होतंत, म्हणून."

तिचं हसू थांबलं. केसांतला चष्मा डोळ्यांवर आला आणि तिने त्यांना नीट पाहिलं. "मला वाटलं होतं, कुणी साठीचे आजोबा असतील," ती हळूच म्हणाली.

"मी तिला विसरलेलो नाही," मास्तर म्हणाले. "विसरणारही नाही. आधीच सांगून ठेवतो."

"मी डाग काढते, मास्तर. फोटोतली माणसं नाही काढत."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. दोघांनाही घाई नव्हती.

"पण पुस्तक आज संपलं," ती चिठ्ठी सोलून काढत म्हणाली. "उद्यापासून फोन कशाबद्दल करायचा?"

"विचार करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला छापखान्यातला फोन वाजला नाही. मशीनवाल्याने दोनदा वळून पाहिलं. मग मास्तरांनीच नंबर फिरवला.

"हॅलो? मास्तर? काय बिघडलं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "काहीच बिघडलेलं नाही. तेवढंच सांगायचं होतं."

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"बरं…" ती म्हणाली. "मग सावकाश सांगा."