चौथं पाणी

जिन्याच्या सातव्या पायरीवर एक माणूस कठडा धरून उभा होता आणि वर जायचं नाव घेत नव्हता. बाहेर भुरभुर पाऊस चालला होता. अंतरा छत्री मिटत मागून आली आणि थांबली.

"बाजूनं जावा मॅडम," तो मान न वळवता म्हणाला. "ही पायरी हलाय लागलीया."

"पायरी हलत नाही."

"ते मला ठाव हाय. पायरीला कोण सांगायचं?"

अंतराला हसू आलं. सकाळी साडेनऊला, अजून कुणाशी एक शब्दही बोललेली नसताना हसू येणं ही तिच्या बाबतीत नवलाचीच गोष्ट होती. तिनं छत्रीची मूठ पुढं केली. त्यानं ती धरली… आणि मधे ओली छत्री धरून दोघं राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात पोचली.

दवाखाना चक्कर येणाऱ्यांचा होता. डॉक्टर विजयसिंह बाहेर पेशंट तपासायचे आणि आतल्या खोलीत अंतरा चाचण्या घ्यायची. पेशंटला आडवं करायचं, डोळ्यांवर काळ्या झाकणाचा चष्मा चढवायचा. त्याला मिट्ट काळोख दिसे, पण चष्म्यात कॅमेरे असल्यामुळं अंतराला पडद्यावर त्याचे दोन डोळे दिसत, बशीएवढे मोठे. मग कानात पाणी सोडायचं. दोन्ही कानांत कोमट, मग दोन्ही कानांत गार, अशी चार पाणी. कान शाबूत असेल तर डोळे आपोआप झोके घेऊ लागतात. ते मोजले की कुठला कान अधू आहे ते कळतं.

त्यात एक मेख होती. पेशंट गप्प पडला की मेंदू डोळ्यांना आवरून धरतो, आणि चांगला कानही अधू दिसतो. म्हणून प्रत्येक पाण्याला दीड-दोन मिनिटं त्याला बोलतं ठेवावं लागे. भाज्यांची नावं सांगा. शंभरातून सात सात वजा करत या. आठ वर्षं अंतरा दिवसभर प्रश्न विचारत आली होती. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मात्र तिला कुणी काही विचारत नसे. वडील गेल्यापासून जयसिंगपूरचं घर बंदच होतं. जेवताना ती ताटापुढं पुस्तक उघडून ठेवायची. समोर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. हजारो डोळे तिनं इतक्या जवळून पाहिले होते, आणि त्यावेळी त्यातल्या एकालाही ती दिसत नव्हती.

"नाव?" दवाखान्यातल्या अंबूबाईनं कागद पुढं ओढला.

"नृसिंह. उचगाव. एस.टी.त कंडक्टर."

"संगं कोण आलंय?"

"कोण न्हाय."

"बायकू?"

"लगीनच ऱ्हायलं की."

"का? गाडी चुकली व्हय?"

"गाडीतच हुतो. जागा दुसऱ्यास्नी देत ऱ्हायलो. आधी दोन भनी, मग धाकटा भाऊ…"

अंबूबाई खदाखदा हसली. अंतरानं मान खाली घालून चष्मा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

चष्मा चढवताना नृसिंहचा आवाज जरा उतरला. "मॅडम, बारा वर्षं चालत्या गाडीत उभा हाय. कशाला धरलं न्हाय. आन् आता अंथरुणात कूस बदलली तरी घर फिरतंय. कान खराब निघाला तर मला डेपोत टेबलाला बशिवत्यात. मला माणसं लागत्यात हो. बसून मी वाळून जाईन."

"बघू या," ती म्हणाली. "बोलत राहायचं मात्र."

"त्याची काळजीच करू नका."

आणि खरंच तो बोलत राहिला. तिनं गाडीचे थांबे विचारले, तर त्यानं शिरोली, हालोंडी, हेरले करत प्रत्येक थांब्यावरची माणसं चढवली. हेरल्याला एक म्हातारी चढायची, ती तिकिटाआधी "जेवलास का रं?" विचारायची. चोकाकच्या दोन मास्तरांचं सहा वर्षं भांडण होतं, पण रोज एकाच बाकावर बसायचे. अंतरा हसू दाबत पुढचा प्रश्न विचारायची. पडद्यावर त्याचे डोळे झोके घेत होते… तपकिरी, पापण्या लांब. पापण्यांची नोंद करायची नसते, हे तिला ठाऊक होतं.

चौथं पाणी डाव्या कानात गेलं. गार.

"मॅडम, एक इचारू? तुम्ही दिवसभर लोकास्नी बोलतं ठेवतासा. तुम्हाला कोण बोलतं ठेवतंय?"

अंतरा उत्तर द्यायला गेली आणि तिला एकही नाव आठवेना. नळीतलं पाणी टपटप वाटीत पडत राहिलं.

"मॅडम?… हाईसा न्हवं?"

"आहे," ती पुष्कळ वेळानं म्हणाली. "झालं. संपलं."

यंत्रानं आकडा काढला. डावा कान चाळीस टक्के कमजोर.

डॉक्टरांनी कागद पाहून मान हलवली. "गाडीवर उभं राहायचं काम बंद. डेपोला पत्र देतो, परवा घेऊन जा. आणि आठ आठवडे तोलाचे व्यायाम. मंगळवार-शुक्रवार. अंतरा करून घेईल."

नृसिंह भिंत धरून उठला आणि तसाच जिन्याकडं गेला. बडबड्या माणसाचं ते गप्प होणं अंतराच्या जिव्हारी लागलं. आणि त्याच वेळी, मनाच्या पार मागच्या कोपऱ्यात, कुणीतरी हिशेब केला… सोळा वेळा. सोळा वेळा तो येईल. तिला स्वतःची लाज वाटली, पण आकडा काही पुसला जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेशंट नव्हते. तिनं कालचं चित्रण लावलं. काम म्हणून लावलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. तीन पाणी नीट झाली. चौथ्याला त्याचा प्रश्न ऐकू आला, आणि पाठोपाठ शांतता. तिची शांतता. पडद्यावरचे डोळे नेमके तिथंच मंदावत गेले. तिनं सेकंद मोजले. चव्वेचाळीस. कानाचा काही दोष नव्हता. ती गप्प राहिली होती, म्हणून तोही गप्प पडून होता.

चहा घेऊन आलेली अंबूबाई मागं उभी राहिली. "कुणाचं डोळं बघत बसलीस गं?"

"पेशंटचे."

"पेशंटचं डोळं मी बी बघितल्यात. असलं तोंड करून न्हाय."

अंबूबाई गेली. चहा निवला. हे चित्रण परत कुणी बघणार नव्हतं. कागद सही होऊन जाईल, तो टेबलाला बसेल, आणि मंगळवार-शुक्रवार त्या जिन्यावरून वर येईल. अंतरानं संगणक बंद केला. पुन्हा चालू केला. मग ती उठून डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, कालचं चौथं पाणी बाद धरा. मी बोलायची थांबले होते."

"तू?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय. का गं?"

"चूक माझी आहे सर," ती म्हणाली. डॉक्टरांनी टेबलावरचं डेपोचं पत्र उभं फाडलं. "बोलव त्याला. सगळं पहिल्यापासून करू."

शुक्रवारी तो आला. आधी डॉक्टरांनी त्याची मान उजवीकडं वळवून त्याला झटकन मागं निजवलं, आणि पहिल्या खेपेला लपून बसलेली चक्कर या खेपेला नेमकी दिसली. कानात तोल सांभाळणारे बारीक खडे असतात, ते जागेवरून सुटले होते. डॉक्टरांनी डोकं हळूहळू वळवत ते खडे जागेवर नेले. दहा मिनिटांचं काम.

मग पाणी. चौथ्या पाण्याला अंतरा एकदाही थांबली नाही. पालेभाज्या झाल्या, नद्या झाल्या, मावशा-आत्यांची नावं झाली. यंत्रानं आकडा काढला. दोन्ही कान सारखे.

"कान चांगले आहेत," ती म्हणाली. "गाडीवर जा."

त्यानं मोठा श्वास सोडला. चष्मा अजून डोळ्यांवरच होता. "मॅडम… त्या दिवशी गप का झालासा?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्याला ती दिसत नव्हती, म्हणून खरं बोलणंही तितकंच सोपं झालं.

"तुम्ही विचारलंत म्हणून. मला कुणी विचारत नाही." मग ती एका दमात म्हणाली, "माझ्यामुळं तुमचा कान अधू ठरला होता. ते कळल्यावरही एक दुपार मी तशीच बसून राहिले. वाटलं, निदान मंगळवार-शुक्रवार तरी तुम्ही याल…"

पाऊस खिडकीच्या पत्र्यावर वाजत होता. पडद्यावरच्या डोळ्यांची उघडझाप झाली.

"झाकण काढा," तो म्हणाला.

"अजून मिनिटभर फिरेल."

"फिरू दे की."

तिनं झाकण उचललं. त्याचे डोळे थोडे वाहत होते, छताकडून भिंतीकडं. मग तिच्या चेहऱ्यावर आले आणि थांबले. अंतराला हात कुठं ठेवावेत कळेना.

"आता परत यायची गरज नाही तुम्हाला," ती म्हणाली.

"गरज न्हाय म्हंजे… आलेलं चालत न्हाय?"

"इथं नको."

त्याचा चेहरा पडला.

"इथं झाकणाआड अंधार असतो," ती घाईनं म्हणाली. "रविवारी पाच वाजता मी रंकाळ्याच्या काठावर फिरायला जाते. एकटीच असते."

"कुठं उतरायचं?"

"तांबट कमानीपाशी. पण रविवारची गर्दी असते, बसायला जागा मिळणार नाही."

नृसिंह पलंगावरून उठला. कशालाही न धरता दारापर्यंत गेला आणि वळला.

"उभ्यानं येतो की."